चार फोटोंतली काळी गाडी

माझी धाकटी मुलगी सातवीत गेली तेव्हा तिला शाळेतून घराण्याची वही करायला सांगितली. इथे बहुतेक मुलांना त्या वयात ती करावी लागते. आजी-आजोबा कुठून आले, तिथे काय करत होते, इकडे का आले, हे त्यांना विचारून लिहायचं, जुने फोटो चिकटवायचे आणि वर्षाच्या शेवटी घरच्या मंडळींसमोर उभं राहून वाचून दाखवायचं. तिच्या वर्गात मोरोक्कोची मुलं होती, इराकची होती, रशियाहून नुकतीच आलेली होती. मुंबईची ती एकटीच.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेल अवीवजवळ रामल्याला राहत होतो. मी दवाखान्यात खिडकीवर बसायची, आलेल्याचं कार्ड बघून त्याला डॉक्टरकडे पाठवायचं काम. आई आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे, आम्ही देशात आलो तेव्हा सरकारने दिलेल्या त्याच दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. पपा जाऊन सहा वर्षं झाली होती. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो लग्नानंतर अरादला गेला तो तिथलाच झाला.

मुलीने विचार न करता विषय ठरवला. ती म्हणाली, मी सबाच्या गाडीवर लिहिणार. सबा म्हणजे आजोबा.

पपांच्या गाडीचे चार फोटो आमच्या घरात होते. पहिल्यात पपा एकटे, पुढच्या मडगार्डवर हात ठेवून उभे. अंगात काळा बंद गळ्याचा कोट, पितळी बटणं, डोक्यावर टोपी. दुसऱ्यात आई गाडीच्या पायरीवर बसलेली, शेजारी भाऊ चड्डी सावरत उभा. तिसऱ्यात गाडीचं मागचं दार उघडं आणि आत मी, दोन-अडीच वर्षांची, पाय बाहेर सोडून बसलेली. चौथा लांबून काढलेला, गाडी आडवी, लांबलचक, काळी, मागे दगडी भिंत आणि एक माड.

हे चार फोटो माझ्यासाठी काय होते ते सांगायला हवं. चौसष्ट सालच्या आसपास आम्ही आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रामल्याच्या शाळेत मुलं मला विचारायची, तुम्ही झाडावर राहत होता का, घरी हत्ती होता का. मला हिब्रू येत नव्हतं, त्यामुळे उत्तर देता यायचं नाही. एक दिवस मी कुणाला न विचारता चौथा फोटो दप्तरात घालून नेला आणि मधल्या सुट्टीत बाकावर ठेवला. नुसतं म्हणाले, माझ्या पपांची. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडेच गाडी नव्हती. त्या दिवसापासून हत्ती बंद झाला. पुढे कितीतरी वर्षं, सैन्यात, नोकरीत, लग्न ठरताना, कुणी आम्हाला कमी लेखलं की मी कुठून तरी ती गाडी बोलण्यात आणायची. आमची मुंबईला मोटार होती. पपांचा छोटा धंदा होता. इकडे यायचं म्हणून सगळं विकलं.

हे मला आईने सांगितलं होतं. पपा इथे आल्यावर या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यांनी इथे एका कारखान्यात तेवीस वर्षं खोकी भरली. पाठ गेली, मग पेन्शन. कुणाच्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी इथे हात लावलेला मी पाहिला नाही. सैन्यातून आल्यावर भावाने सेकंडहॅंड गाडी घेतली आणि चावी पपांच्या पुढे धरली, तर त्यांनी मान हलवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आई म्हणायची, तशी गाडी चालवलेल्या माणसाला ही डबडी काय आवडणार. मला ते पटायचं.

मुलीला शिक्षिकेने सांगितलं होतं, नुसतं 'गाडी' लिहू नकोस, कुठली गाडी ते शोध. आईला विचारलं तर ती म्हणाली, मोठी होती, विलायती होती, मला बाईमाणसाला नाव काय ठाऊक. मुलीने वाचनालयातून जुन्या मोटारींचं एक जाड पुस्तक आणलं. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर फोटो आणि पुस्तक शेजारी ठेवून बसलो. दोन-तीन संध्याकाळी गेल्या. पुढची जाळी आणि दिवे जुळणाऱ्या गाड्या सापडत होत्या, पण मागचा भाग कुठल्याच गाडीचा तसा नव्हता. इतका लांब, इतका उंच, आणि बाजूच्या काचा एवढ्या मोठ्या, एकसंध. मुलगी वैतागली. तिला वाटलं पुस्तकच अपुरं आहे.

दवाखान्यातल्या एका नर्सने तिच्या ओळखीच्या म्हाताऱ्याचं नाव सुचवलं. जर्मनीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर हैफाला आलेला, जन्मभर मोटारी दुरुस्त करणारा. आता धंदा मुलावर सोपवून जुन्या गाड्या जमवत होता. मी फोन केला, त्याने शुक्रवारी सकाळी बोलावलं. मी रजा घेतली, मुलीची शाळा बुडवली, आणि आमची गाडी नवऱ्याकडे होती म्हणून आम्ही बसने तेल अवीव, तिथून आगगाडीने हैफाला गेलो. मुलगी सबंध वाट खिडकीतून समुद्र बघत होती. माझ्या मांडीवर पिशवीत चार फोटो होते, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, रबर लावून.

बंदराच्या वरच्या अंगाला चढावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आत तीन गाड्या चादरी पांघरून उभ्या. म्हातारा किडकिडीत, स्वच्छ निळा शर्ट घातलेला, हात मात्र जन्माचे काळे. त्याने आधी हात पुसले, मग फोटो घेतले आणि दिव्याखाली भिंग धरून एकेक बघू लागला.

पुढचा भाग त्याने मिनिटभरात ओळखला. अमेरिकन, लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, दोन-तीन वर्षं आधीची. कंपनीचं नाव, मॉडेल, किती सिलिंडर, सगळं सांगितलं आणि वर म्हणाला की ती कंपनी कधीच बुडाली. मुलीने भराभर लिहून घेतलं. ते तिच्या वहीत आहे. माझ्या लक्षात राहिलं नाही, कारण त्यानंतर जे झालं त्यात ते वाहून गेलं.

मग तो मागच्या भागाकडे वळला. तिसरा फोटो, ज्यात मी बसलेली, तो त्याने बराच वेळ धरला. मग मला विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी म्हटलं, छोटा धंदा होता. कसला? ते मला नेमकं माहीत नाही, कापडाचा असावा. त्याने पहिला फोटो पुढे केला. मुंबईत किती गरम असतं? मी म्हटलं, खूप. मग आपली स्वतःची गाडी चालवायला माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून काळा कोट का घालेल?

मी म्हटलं, तेव्हाची फॅशन असेल.

त्याने चारी फोटो ओळीने मांडले आणि बोट ठेवून दाखवलं की प्रत्येकाची एक कड कात्रीने कापलेली आहे. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. मला वाटायचं फोटो अल्बममध्ये बसावेत म्हणून कापले असतील. तो म्हणाला, बघ, चारी फोटोंत गाडीच्या मागे तीच भिंत आहे, आणि चारी फोटोंत भिंतीचा तोच भाग कापलाय. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं.

मग त्याने भिंग माझ्या हातात दिलं आणि तिसऱ्या फोटोत मी जिथे बसले होते त्याच्या मागे बघायला सांगितलं. गाडीच्या आतल्या जमिनीवर लहान लहान रूळ होते, लाकडी, ओळीने बसवलेले, आतपर्यंत गेलेले.

मला भिंगाची गरज नव्हती. ते रूळ मला माहीत होते. तळहाताखाली गोल फिरणारे, गुळगुळीत. मी ते फिरवत बसायची. हे काय, असं मी विचारलं होतं तेव्हा पपा म्हणाले होते की यावरून मोठ्या ट्रंका सरकतात. माझी त्या गाडीची आठवण म्हणजे जवळजवळ एवढीच, ते रूळ आणि निशिगंधाचा वास.

म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "पुढचं इंजिन कंपनीचं आहे. मागचं तिथे मुंबईत कुणीतरी बांधून घेतलंय. ही गाडी बसणाऱ्या माणसांसाठी नाही."

मी म्हटलं, "मग कुणासाठी?"

"मेलेल्यांसाठी. हे रूळ पेटीसाठी आहेत."

मुलगी एकदा हसली. तिला ते भयंकर मजेशीर वाटलं असावं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच राहिलं. म्हाताऱ्याने एक लाकडी खोकं पुढे ढकललं, मी त्यावर बसले. त्याने ग्लासात पाणी आणून दिलं. तो दोनदा म्हणाला की गाडी फार चांगली बांधलेली आहे, काचेला कुठे सांधा नाही, असं काम करणारा कारागीर आता मिळणार नाही. तो मला बरं वाटावं म्हणून बोलत होता. मला मात्र एकच दिसत होतं. मी आत बसले आहे, पाय हलवते आहे, आणि रूळ फिरवते आहे.

परत येताना मी पिशवी मांडीवर धरून बसले. मुलीने दोनदा विचारलं, इमा, म्हणजे आई, तुला राग आलाय का. मी नाही म्हटलं. राग नव्हताच तेव्हा. तीस-बत्तीस वर्षं मी कुणाकुणाला ती गाडी दाखवली होती त्यांचे चेहरे एकामागून एक येत होते. त्यातल्या एखाद्याला कळलं असेल का? माझ्या सासऱ्यांनी फोटो पाहून एकदा विचारलं होतं, एवढ्या लांब गाडीत बसायचं कोण? मी तेव्हा म्हटलं होतं, आमचं कुटुंब मोठं होतं.

संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आधी दोन तास मी आईकडे पोचले. मुलीला घरी पाठवलं. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भेंडी पुसत होती. शुक्रवारी तिच्या गॅसवर एकाच वेळी तीन पातेली असत. मी फोटो टेबलावर ठेवले आणि हैफाचा माणूस काय म्हणाला ते सांगितलं.

आधी ती म्हणाली, त्या जर्मन म्हाताऱ्याला मुंबईचं काय माहीत. मग म्हणाली, रूळ सामानासाठी होते. मग भेंड्या आधीच पुसून झालेल्या होत्या त्या तिने परत पुसायला घेतल्या. मी चौथ्या फोटोच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं आणि विचारलं, आई, इथे काय लिहिलेलं होतं?

ती उठली, तिन्ही शेगड्या बंद केल्या आणि परत येऊन बसली.

"मयताची गाडी होती ती, बाय," ती म्हणाली. "तुझे पपा मयताच्या गाडीवर ड्रायव्हर होते."

पुढचं तिने सलग सांगितलं, जणू कित्येक वर्षं ओळीने लावून ठेवलेलं होतं. लढाईत पपा मिलिटरीत ट्रक चालवायला शिकले. लढाई संपली, नोकरी संपली. दोन वर्षं काम नव्हतं. माझगावला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती माणसाचा पेट्या बनवायचा आणि मयतं पोचवायचा धंदा होता. त्याला दारू न पिणारा, गाडी सावकाश हाकणारा माणूस हवा होता. पपा लागले ते सोळा वर्षं टिकले. आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. काही बायका आईच्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत. काही समोर हसून बोलायच्या आणि लग्नाला बोलवायच्या नाहीत. फोटोंचं म्हणाल तर, नवं मागचं अंग बांधून गाडी कारखान्यातून परत आली त्या दिवशी मालकाने फोटोग्राफर बोलावला होता. मालकाचे फोटो काढून झाले, फिल्म उरली. मालक पपांना म्हणाला, तुझ्या मंडळींना आण.

"त्या दिवशी गाडीत एकही मयत गेलं नव्हतं," आई म्हणाली. "तू बसलीस तेव्हा ती कोरी होती. मी आधी विचारलं होतं."

मी म्हटलं, मला फुलांचा वास आठवतो, आई. कोऱ्या गाडीत फुलं कुठून येणार?

तिने भेंड्यांचं ताट बाजूला सारलं.

मी विचारलं, लपवलं कशासाठी? काही चोरी तर नव्हती. तेव्हा तिने जे सांगितलं ते ऐकून मला हैफाचं सगळं हलकं वाटू लागलं.

आम्ही आलो त्या काळात इथे आमच्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना विचारत होते की तुम्ही खरे यहुदी का. आईची आई कोण, तिची आई कोण, लग्नं कशी लागली. आधी आलेल्या नातेवाइकांची पत्रं यायची, त्यात हेच. निघायच्या आधी मालकाने पपांना दाखला लिहून दिला होता. सोळा वर्षं नोकरी, एकही अपघात नाही, स्वभाव शांत, कुणीही खुशाल ठेवून घ्यावा. पपा तो कोटाच्या आतल्या खिशात घालून आले होते. इथे उतरल्यावर रांगेत उभं असताना आईने तो बघायला मागितला. कागदाच्या माथ्यावर मालकाच्या धंद्याचं नाव होतं, आणि नावाच्या वर छापलेला मोठा क्रूस.

रांग पुढे सरकत होती. पुढच्या टेबलावर कारकून नाव, गाव, काम लिहून घेत होता. आई मला घेऊन बाथरूमला गेली. मला म्हणे बाहेर उभं केलं. आत तिने दाखल्याचे तुकडे केले आणि पाण्यात सोडले.

मी विचारलं, "तू फाडलास?"

"फाडला."

"पपांना सांगितलंस?"

"त्यांनी हात पुढे केला कागदासाठी. मी म्हटलं, सापडत नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हात ओले होते. मग ते कारकुनाकडे वळले. त्याने विचारलं, काम काय करता. दुभाष्या आमच्यातलाच होता. तुझे पपा म्हणाले, मजुरी."

कारकुनाने 'पोएल' असं लिहिलं. मजूर. तो कागद मी पाहिलेला आहे, पपांच्या पेन्शनच्या वेळी काढावा लागला होता. तेव्हा मला वाटलं होतं की हिब्रू येत नव्हतं म्हणून चुकून लिहिलं असेल. दाखला नाही म्हणून ड्रायव्हरची नोकरी नाही, आणि मजूर लिहिलं म्हणून कारखाना. सोळा वर्षं एक अपघात न केलेला माणूस तेवीस वर्षं खोकी भरत राहिला.

मी उठून निघाले. आईने मागून शब्बाथच्या मेणबत्त्यांचं काहीतरी विचारलं, तोवर मी जिना उतरत होते.

शनिवार उलटल्यावर मी भावाला फोन लावला. त्याला सांगताना मला रडू येत होतं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मला माहीत होतं." तो तेव्हा तेरा वर्षांचा होता, मुंबईत शाळेतली मुलं त्याच्या मागे पेटीवर ठोकल्यासारखा आवाज काढत चालायची. माझी मुलींची शाळा वेगळी होती, माझ्यापर्यंत ते कुणी येऊ दिलं नव्हतं. विमानात बसायच्या आधी आईने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. दाखल्याचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने सांगितलं की तो तसाच उठून बाहेर चालायला गेला आणि फार उशिराने परत आला.

दोन शुक्रवार मी आईकडे गेले नाही. तिचं सामान आणून दाराशी ठेवायची आणि उतरायची. मला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीत बसून मी म्हाताऱ्या माणसांची कार्डं बघायची आणि त्यांच्या कार्डावर कामाचं काय लिहिलंय ते वाचायची. मजूर, मजूर, गृहिणी, मजूर. यांच्यातल्या कितीजणांच्या खिशात काय काय होतं, असं वाटायचं.

मुलगी मात्र आईकडे जात होती. मी तिला पाठवली नव्हती, ती शाळेतून परस्पर जायची. एक दिवस तिची वही टेबलावर उघडी होती म्हणून मी वाचली. तिने हिब्रूत पानंच्या पानं लिहिली होती. आईचं हिब्रू बाजारातलं, मुलीचं मराठी जेवणापुरतं, त्या दोघींनी हे कसं जमवलं कुणास ठाऊक. मला चाळीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिथे होतं. सबा गाडीत कुणी असेल तेव्हा कधी जोरात ब्रेक मारत नसे. माझगावपासून शिवडीच्या दफनभूमीपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याला पाठ होता. फाटकाजवळ उतार लागला की तो इंजिन बंद करायचा आणि गाडी नुसती जाऊ द्यायचा, कारण लोक प्रार्थना म्हणत असायचे. आणि लहान मुलाची पेटी असली तर ती मागे रुळांवर ठेवू द्यायचा नाही. पुढे आपल्या शेजारी, सीटवर ठेवायला सांगायचा आणि डावा हात तिच्यावर ठेवून गाडी चालवायचा. अशा दिवशी घरी आला की जेवायचा नाही. सावताच्या, म्हणजे आजीच्या, दोन्ही मुलांजवळ, आम्हा भावंडांजवळ, जाऊन बसायचा.

मी ते पान उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसून परत वाचलं. मी लाजत होते ती कशाची, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मला गाडीची लाज वाटली होती. आता पपांशी एकदाही या विषयावर बोलले नाही याची मला वाटू लागली.

मुलीने दाखल्याचंही लिहिलं होतं. मी तिला विचारलं, हे सगळ्यांसमोर वाचणार आहेस? ती म्हणाली, सावताने सांगितलंय, हे पण लिही. मी म्हटलं, नक्की असंच म्हणाली? मुलीने मला आईचे शब्द मराठीत, तिच्या मोडक्या उच्चारात म्हणून दाखवले. "माझं पण लिही. नुसतं त्यांचं लिहू नको."

कार्यक्रमाच्या दिवशी मी आईला घ्यायला गेले. ती आधीच तयार होऊन खुर्चीत बसली होती. इथे ती वर्षानुवर्षं झगाच घालत आली होती, त्या दिवशी तिने साडी काढली होती, तपकिरी, बारीक काठाची. जिन्यावरून उतरताना तिने माझा दंड धरला. दोन आठवड्यांत तिने मला पहिल्यांदाच हात लावला होता.

शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला वह्या आणि तक्ते लावलेले होते. एका मुलाच्या आजोबांनी बगदादहून आणलेली तांब्याची घागर होती, एकीच्या पणजीचा लग्नाचा पोशाख होता. आमच्या तक्त्यावर चार फोटो, कापलेल्या कडांसकट. मुलीची पाळी सहावी होती. ती घाईत वाचत होती, नेहमी वाचते तशी. मयताची गाडी म्हटल्यावर मागच्या रांगेत दोन-तीन मुलं हसली. लहान पेटीचं आलं तेव्हा कुणी हसलं नाही. दाखल्यापाशी आली तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर नातीवर. तिला सगळं हिब्रू कळत होतं की नाही मला माहीत नाही, पण ती जागा तिला बरोबर कळली, कारण तिथे तिने मान एकदा खाली केली आणि परत वर घेतली.

नंतर शिक्षिका येऊन आईशी बोलली. दोन-तीन अनोळखी म्हाताऱ्या बायकाही आल्या. एकीने आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. आईने तिला मराठीत बसा म्हटलं, मग हसून हिब्रूत म्हटलं.

मी आईला घरी सोडलं तेव्हा ती गाडीतून लगेच उतरली नाही. पर्स उघडली, बंद केली. मी विचारलं, पपांनी तुला कधी माफ केलं का?

ती म्हणाली, "मी विचारलंच नाही. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहिलो. मला भीती होती, ते उत्तर देतील म्हणून."

मी इंजिन बंद केलं. मला तिला खूप काही म्हणायचं होतं, त्यातलं बरंचसं कडू होतं आणि ते अजूनही गेलेलं नाही. मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला तीन मजले वर घेऊन गेले. तिने विचारलं, शुक्रवारी येशील ना. मी म्हटलं, येईन. आणि गेले. जेवताना तिने न विचारता पपांची एक गोष्ट सांगितली, कुठल्या तरी पावसाळ्यात रस्त्यात गाडी अडली तेव्हा प्रेताच्या नातेवाइकांबरोबर त्यांनी पाच तास कसे काढले त्याची. त्यानंतर दर शुक्रवारी एखादी सांगत असे. सगळ्याच मी लिहून ठेवल्या नाहीत.